भाईंचा ऑनलाइन फोन

खोली भाड्यानं घ्यायला गेलो तेव्हा भाईंनी मला आधी जेवायला बसवलं. मी हळर्णचा. डिचोलीच्या एका शाळेत कॉम्प्युटरचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो, आणि सर्वणला यांच्या घरामागची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून आलो होतो. पाणी कधी येतं, स्कूटर कुठं लावायची, असे व्यवहारी प्रश्न मी वाटेत घोकून ठेवले होते. त्यातला एकही विचारायची वेळ आली नाही. भात आला, बांगड्याचं हुमण आलं, आणि भाई समोर खुर्ची ओढून माझ्या ताटाकडे टक लावून बसले. बोर्डाच्या परीक्षेतही एवढी राखण कुणी करत नाही.

जेवण संपल्यावर ते वाकले, ताट न्याहाळलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगो, काटे एके कुशीक रचून दवरल्यात. हो मनीस नितळ. हाका खोली दिवंया."

काटे मी नीट रचले होते ते भीतीनं. एरवी माझ्या ताटाभोवती मांजरं जमतात. महिन्याभरात माझ्या खोलीची जी दशा झाली ती बघून भाईंच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वयनीनं, दारातूनच कपाळाला हात लावला होता. वस्तू पारखण्यात भाईंचा हात धरणारा कुणी नव्हता. माणूस पारखण्यात मात्र ते एकदा सपशेल फसले, आणि तो फसवा माल म्हणजे मी.

पूर्वी ते खाणीच्या कचेरीत नोकरीला होते. खाण बंद पडल्यावर घरचं शेत आणि भाजीचा मळा बघू लागले. अंगात कायम बनियन, कमरेला पंचा, आणि बाजारात जाताना त्यावर इस्त्रीचा शर्ट. पँट फक्त लग्नाला आणि मतदानाला. पण त्यांची खरी करमणूक म्हणजे खरेदी. भाई काही विकत घ्यायला निघाले की वयनी संध्याकाळचा चहा लवकर आटपायची, कारण ते कधी परत येतील याचा नेम नसे.

पंखा घ्यायचा तर दुकानातल्या प्रत्येक पंख्याखाली उभं राहून ते डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांनी वारा जोखत. विळ्याची मूठ हातात धरून तिथल्या तिथं हवेत गवत कापून बघत. त्यांच्या खुर्चीची गोष्ट तर अजून डिचोलीत सांगतात. आरामखुर्ची घ्यायला गेले, पाठीला बरी वाटते का बघू म्हणून तिच्यात टेकले आणि घोरू लागले. दुपारी आमच्याकडची दुकानं झोपायला बंद होतात. त्या दुकानदारानं खुर्चीत कोण आहे ते न बघता शटर ओढलं आणि घरी जाऊन आडवा झाला. चार वाजता शटर वर गेलं तेव्हा भाई डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "ही नाका. हिच्यांत पाठ धरता. ती दुसरी दाखय."

पण वस्तू चोखून पाहणं हा त्यांच्या शास्त्राचा पहिलाच धडा. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा होता, आणि तो ते मला जेवताना, आंघोळीच्या पाण्यासाठी थांबलेलो असताना, अगदी शाळेला उशीर होत असतानाही सांगत.

"मास्तर, वस्त मागीर. पयलीं विकपी मनीस पळोवचो."

"कित्याक भाई?"

"वस्त केन्नातरी बिगडटलीच. बिगडल्यार गाळी कोणाक घालूं? मनीस जाय मरे फुडें!"

म्हणजे वस्तू बिघडली तर शिव्या द्यायला समोर माणूस हवा. हे ते विनोदानं म्हणत नव्हते. एकदा त्यांचा मळ्यातला पंप बंद पडला. भाईंनी तो स्कूटरवर माझ्या मांडीवर ठेवला आणि आम्ही दोघे साखळीला, जिथून तो घेतला होता तिथं गेलो. भाईंनी त्या दुकानदाराची आणि त्याच्या मागच्या दोन पिढ्यांची व्यवस्थित हजेरी घेतली. दुकानदारानं ऐकून घेतलं, चहा मागवला, मग दोघांनी काकड्यांच्या भावाविषयी चर्चा केली आणि आम्ही परत आलो. पंप परत माझ्या मांडीवर.

"पंप बरो जालो?" वयनीनं विचारलं.

"पंप ना," भाई प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. "पूण म्हाका बरें दिसलें."

ह्या शास्त्राप्रमाणे भाईंना सगळ्यात लाभलेला माणूस म्हणजे डिचोलीच्या बाजारातला फोनवाला. सिमकार्डाच्या एका कंपनीची पाटी लावलेलं त्याचं दुकान होतं. काचेच्या कपाटात फोन, एका कोपऱ्यात रिचार्ज, आणि दारात एक प्लॅस्टिकची खुर्ची, जी वर्षानुवर्षं फक्त भाईंची. दुकानदार आमोण्याहून रोज स्कूटरनं यायचा. भाईंपेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, बोलण्यात सावकाश, आणि कितीही ओरडा ऐकला तरी चेहऱ्यावरची सुरकुती न हलणारा. भाईंचा बटणांचा फोन त्याच्याकडचा. त्या फोनाच्या तक्रारी घेऊन भाई रोज संध्याकाळी हजर व्हायचे.

"तुज्या फोनांत एक बायल बसल्या. काल म्हज्या जांवयाक सांगता, हांव उपलब्ध ना! हांव घरांत सोप्यार बसून आशिल्लों. फटींग खंयची!"

"सांगतां तिका, भाई," दुकानदार रिचार्ज मारता मारता म्हणायचा.

"काल पसून सांगता तूं."

"फाल्यां खडक सांगतां," तो उद्यावर ढकलायचा.

गिऱ्हाईकं ऐकून हसायची. नवख्याला वाटे की आता मारामारी होणार. पण वयनीनं मला एकदा सांगितलं होतं की भाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना वाचायची बंदी होती. तेव्हा हा दुकानदार रोज संध्याकाळी दुकानातलं काम बाजूला ठेवून त्यांना सगळा पेपर वाचून दाखवायचा, निधनवार्तांसकट. सख्ख्या भावाशी भाईंचं बांधावरून बोलणं बंद झालेलं. जुने सोबती कुणी पणजीला मुलाकडे, कुणी कायमचे गेलेले. संध्याकाळी जाऊन बसावं असं सगळ्या डिचोली तालुक्यात त्यांना ते एकच ठिकाण उरलं होतं.

म्हणून भाईंचा पत्तासुद्धा तेच दुकान. सर्वणच्या आमच्या वाड्यावर घर शोधणं बाहेरच्या माणसाला जमत नाही, त्यामुळे बियाण्याची पिशवी, लग्नाची आमंत्रणं, वयनीची औषधं, काहीही आलं की भाईंचं उत्तर ठरलेलं. "थंय दुकानांत दवर, हांव सांजे येतां."

हे सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात मी नाक खुपसलं.

झालं असं की वयनी आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या फुगडीच्या पथकात होती. चवथ, म्हणजे गणपती, जवळ आली की यांचा सराव सुरू होतो. यंदा पथकातल्या एका नव्या सुनेनं फोनवर ग्रुप काढला आणि सरावाची वेळ, नवी गाणी, कुणी कुठल्या रंगाची साडी नेसायची, सगळं त्या ग्रुपवर येऊ लागलं. वयनीकडे फोनच नाही, आणि भाईंच्या बटणांच्या फोनात ग्रुप नाही. एके दिवशी वयनी गजरा माळून, नऊवारी कसून मांडावर, सरावाच्या जागी, गेली तर तिथं फक्त दोन कुत्री. सराव सकाळीच उरकला होता. ती परत आली, गजरा काढून तुळशीवर ठेवला आणि रात्री भाईंच्या ताटात कालची आमटी वाढली.

"फोन हाडटां, हाडटां," भाई म्हणाले. "फाल्यां दुकानांत वतां."

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मी कॉम्प्युटरचा मास्तर. मी म्हटलं, "दुकानांत कित्याक भाई? तोच फोन ऑनलायन कितलो सवाय मेळटा!" आणि किती स्वस्त तो आकडाही दाखवला.

ऑनलाइन खरेदीत माझा अधिकार मोठा होता. मी मागवलेलं पुस्तकांचं कपाट जेव्हा आलं तेव्हा ते वयनीनं मसाल्याच्या डब्यांसाठी मागून घेतलं. मी मागवलेला कुडता पहिल्या धुण्यात बादलीभर पाणी आणि भाईंचा पंचा निळा करून गेला. बूट आले ते दोन्ही डाव्या पायाचे. ते परत करण्यासाठी मी कंपनीशी असा काही पत्रव्यवहार केला की शेवटी त्यांनी मला आणखी एक डावा बूट पाठवला. पण माणसाला आपल्या अनुभवाचा अभिमान असतो, तो कसला का असेना.

भाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता. "आनी बिगडलो जाल्यार गाळी कोणाक?"

"ताका नंबर आसा, भाई. केन्नाय फोन करात."

भाईंनी तो नंबर ताबडतोब लावायला लावला. अजून काही घेतलेलं नव्हतं, त्यामुळे बिघडलेलंही काही नव्हतं, पण चाचणी नको का? पलीकडून एक मुलगी बोलली. भाईंनी तिला सगळ्या कंपन्या चोर असतात इथपासून सुरुवात केली. तिनं शांतपणे सांगितलं, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. भाईंनी आवाज वाढवला. तिनं पुन्हा दिलगिरी व्यक्त केली. भाईंनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थक्क झाल्याचा भाव होता.

"कितेंय सांगलें तरी माफी मागता ती! घेवंया."

मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "पूण मास्तर, ताका कळूंक फावना." म्हणजे बाजारातल्या त्याला.

"कसो कळटलो?" मी छाती पुढं काढून म्हटलं. "पार्सल सरळ घरा येतलें."

ऑर्डर दिली त्या संध्याकाळी भाई नेहमीप्रमाणे दुकानात गेले. मीही बरोबर होतो. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी फोनातल्या त्या बाईची तक्रार केली नाही. रेंज नाही म्हणून ओरडले नाहीत. उलट दुकानदाराच्या आणि त्याच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी केली, "तुजी भलायकी बरी मरे? घरकान्न बरी आसा?" दुकानदारानं हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "भाईक ताप येता कितें?" मी काचेच्या कपाटातले फोन मोजू लागलो. एवढा वाईट अभिनय मी शाळेच्या स्नेहसंमेलनातही केला नव्हता.

पुढचे दिवस भाई पार्सलची वाट बघत होते, पण आनंदानं नव्हे. पाहुणा येणार आहे आणि तो शेजाऱ्याला दिसता कामा नये, अशी त्यांची तगमग. आणि एक दिवस मी शाळेत असताना माझ्या फोनवर निरोप आला की पार्सल पोहोचलं. मी उड्या मारत घरी आलो.

"भाई, आयलो मरे फोन! खंय आसा?"

भाई वालीच्या वेलांना आधार बांधत होते. "खंयचो फोन? हांगा कोणूच येवंक ना."

"दिलो म्हूण म्हाका कळयलां."

"सकाळीं एकल्याचो फोन आयिल्लो. बेळगांवकडचो. म्हणटा, 'मी डिचोलीच्या बाजारात हाय बघा, सर्वण कुठं आलं?' म्हज्या हाताक सगळी माती. मागीर हांवें म्हळें ताका, थंय दुकानांत..."

भाई थांबले. हातातली सुतळी सुटली. वेल हळूहळू आडवा झाला आणि आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो.

ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच दुकानात, स्वतःच्या तोंडानं सांगून, भाईंनी फोन पोचता केला होता. आयुष्यभराची सवय. माझा मात्र त्यात काही दोष नाही, असं मी पहिली काही मिनिटं स्वतःला सांगून बघितलं.

"हांव वचना," भाई म्हणाले. "पोटांत दुखता. तूं वच."

मी गेलो. वाटेत बोलायचं सगळं तयार केलं होतं. हे पार्सल माझं, भाईंच्या नावावर मागवलं कारण माझ्या नावावर काहीतरी तांत्रिक अडचण. कॉम्प्युटरच्या मास्तरानं तांत्रिक अडचण म्हटलं की लोक सहसा मान डोलावतात. दुकानात शिरलो तर खोका काउंटरवर. वर भाईंचं नाव ठळक छापलेलं, आणि आत काय आहे याचं चित्रसुद्धा. मी म्हटलं, एक चार्जर द्या. मग म्हटलं, कानाला लावायची वायर द्या. मग एका फोनाचं कव्हर घेतलं, जो फोन माझ्याकडे तेव्हा नव्हता आणि आजही नाही. दुकानदारानं सगळं एका पिशवीत घातलं आणि शेवटी तो खोकाही त्याच पिशवीत ठेवला.

"भाईचें पार्सल," तो म्हणाला. "भाई कित्याक येवंक ना?"

"पोट."

"हां." त्यानं दारातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "ताका सांगात, ताचें सिम व्हडलें. ह्या फोनांत बसचें ना. कातरून घेवंक जाय."

तो रागावला असता, टोमणा मारला असता, तर मला सोपं गेलं असतं. मी पिशवी घेऊन पळालो.

भाईंनी खोका उघडला नाही. तो हॉलमधल्या फळीवर, रेडिओच्या शेजारी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाई शर्ट घालून तयार झाले, चपला पायात घातल्या, अंगणापर्यंत गेले आणि परत येऊन सोप्यावर बसले. तिसऱ्या दिवशी शर्टच घातला नाही. मग संध्याकाळच्या त्या ओरडण्याचं काय करायचं हे त्यांना कळेना. सकाळी पावाची टोपली घेऊन येणाऱ्या पोदेरावर ते उंडा पाव लहान म्हणून ओरडले. कोंबड्यांवर ओरडले. माझ्या खोलीत डोकावून माझ्यावर तर ओरडलेच, पण तो ओरडा रास्त होता. कशातच जीव नव्हता. अर्ध्यावर सोडून द्यायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे.

"भाई," मी चाचरत म्हटलं, "फोन बिगडला म्हूण त्या कंपनीच्या चलयेक फोन करूंया?"

"ती कोणाकय माफी मागता," भाई म्हणाले. "तिका हांव कोण ते खबर ना."

वयनी माझ्या खोलीच्या दारात आली. एरवी ती आत बघायचं टाळते. "मास्तर, म्हाका तो फोन नाका. परत धाडात. फुगडी राविल्ली बरी. ह्या मनशाक ते एकच घर आशिल्लें घराभायर, तेंय वचत जाल्यार हो हांगा बसून दुयेंत पडटलो." भाई आजारी पडतील ह्या धास्तीनं तिचे डोळे भरले होते. मला तेव्हा खरोखर लाज वाटली. थोडं स्वस्त मिळतं एवढं सांगण्याच्या हौसेपायी मी एका म्हाताऱ्या माणसाची संध्याकाळ काढून घेतली होती. फोन परत करायला बसलो तर त्यातही अडचण. परत करण्याचं कारण त्यांनी दिलेल्या कारणांमधूनच निवडायचं होतं, आणि माझं कारण त्यांत नव्हतं.

रविवारी सकाळी अंगणात स्कूटर थांबली. दुकानदार. इतक्या वर्षांत तो सर्वणला भाईंच्या घरी कधी आला नव्हता. कारण भाईच रोज तिकडे जायचे. हातात तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, पिशवी, आमोण्याच्या नदीतल्या. भाई त्याला बघून झटक्यात आत गेले आणि दार लोटून घेतलं, पण त्यांची सावली दाराच्या फटीत दिसत होती.

दुकानदार सोप्यावर बसला आणि भाईंना हाक न मारता माझ्याकडे वळला. आवाज नेहमीपेक्षा चांगला मोठा.

"मास्तर, तुमी ऑनलायन फोन मागयतात न्ही? म्हाका एक मागोवन दियात."

"तुमका? तुमचें तर दुकान आसा!"

"घरकान्नीक जाय. निळो. म्हज्या दुकानांतलो तिका नाका. आनी थंय सवाय मेळटा म्हणटात."

दाराआडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग दार उघडलं.

"कितें म्हळें तुवें? परत सांग."

दुकानदारानं मान खाली घातली. "सवाय मेळटा, भाई."

"सवाय!" भाई बाहेर आले. "तूं दुकानदार मरे! फोन विकून पोट भरता, आनी घरकान्नीक फोन भायल्यान हाडटा? फाल्यां कोण येतलो तुज्या दुकानांत? त्या पेट्येतल्या मनशाक तुवें केन्ना पळयलां? ताचें तोंड खंय, घर खंय, बापूय कोण? लज ना तुका?"

आणि मग जे सुरू झालं ते मी कसं सांगू. भाई अंगणात उभे राहून, हात नाचवत बोलत होते. दुकानदार मान खाली घालून अधूनमधून फक्त "चुकलें भाई" म्हणत होता. शेजारच्या घरातली माणसं खिडकीत आली. वयनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडावर दाबून उभी होती. आणि भाईंच्या पाठीमागं, उघड्या दारातून सरळ दिसत होता फळीवरचा तो खोका. तो दुकानदाराला दिसत होता, मला दिसत होता, खिडकीतल्या शेजाऱ्यांनाही दिसत असावा. फक्त भाई त्याच्याकडे पाठ करून होते.

बोलून बोलून त्यांना धाप लागली. ते दुकानदाराच्या शेजारी सोप्यावर बसले.

"तिसऱ्यो हाडल्यात?" भाईंनी विचारलं.

"हय."

"जेवन वच मागीर." मग जरा थांबून, रस्त्याकडे बघत, "म्हज्यानय चूक जाली रे."

"जांव दी, भाई."

एवढंच झालं. जेवण झाल्यावर खोका खाली आला. भाईंनी तो दुकानदाराच्या पुढ्यात ठेवला, जणू उघडायचा हक्क त्याचाच. दुकानदारानं खिशातून सिम कापायची छोटी कातरी काढली, सिम कापलं, फोन चालू केला, वयनीचा ग्रुप जोडून दिला. ग्रुपवर वयनीनं पहिल्यांदा ऐकलं ते त्या सुनेच्या आवाजातलं एक गाणं, आणि ती फोन कानाला लावून माजघरात एकटीच दोन पावलं फिरली. मग भाईंनी मला समोर बसवलं. "ह्या पापयाचो निळो फोन म्हजे फुडें मागय. हांव पळयतां कसो मागयता तो." मी मागवला. दुकानदारानं पत्ता सांगितला, आमोण्याचा, घरचा.

सोमवारी सकाळी शाळेत त्याचा मला फोन आला.

"मास्तर, ती ऑर्डर रद्द करात."

"निळो नाका?"

"निळ्यांची दुकानांत रास पडल्या." तो नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाला. "भाईक मात सांगूं नाकात."

मी वर्गात मुलांसमोर फोन हातात धरून उभा राहिलो. रविवारचा त्याचा प्रत्येक शब्द परत आठवला, आणि ती कातरी. फोन मागवायला आलेला माणूस खिशात सिम कापायची कातरी कशाला आणील, एवढी साधी गोष्ट ह्या कॉम्प्युटरच्या मास्तराच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी शिरली.

आता मी म्हापशाला राहतो. लग्न झालं, बायको नीटनेटकी आहे, काटे कुठं ठेवायचे ते ती बघते. परवा कामासाठी डिचोलीला गेलो होतो, म्हणून बाजारात डोकावलो. भाई त्यांच्या खुर्चीत. थोडे वाकलेत, पण आवाज तसाच. दुकानात कोल्हापूरकडचं एक जोडपं आलं होतं, कारखान्यात कामाला असावं. दोघं कपाटातला एक फोन निरखत होती. भाई त्यांना म्हणाले, "हाचेकडलो घेवं नाकात. हो स्वता घरकान्नीक ऑनलायन हाडटा! ह्या मास्तराक विचारात, ताणें मागोवन दिला."

जोडप्यानं एकमेकांकडे बघितलं, फोन परत ठेवला आणि निघून गेलं. बाई जाता जाता म्हणाली, "मग आपण पण तिकडंच बघू या की." दुकानदार काच पुसत राहिला.

भाई समोरच्या हॉटेलात चहा सांगायला गेले तसा मी पुढं झालो. माझा जीव तळमळत होता. रोज, गिऱ्हाइकांसमोर, इतकी वर्षं! "आतां तरी सांगूं ताका?" मी म्हटलं. "तो तुमचें दुकान बुडयता मरे!"

दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा एकदा चार्जर मागायच्या बेतात होतो.

"नाका मास्तर. गिरायकां वतात आनी येतात," तो म्हणाला. "भाई ते दीस येवंक ना, तेन्ना हांवें दुकान उक्तें दवरलें, गिरायकां आयलीं, पूण म्हाका कोणूच आयिल्लो कसो दिसलो ना."

भाई परत आले, "चाय येता, तुज्या पयशांनी," म्हणाले, आणि काल रात्री रेंज नव्हती म्हणून त्याच्यावर ओरडू लागले. त्यानं काच पुसायची थांबवली, स्टूल ओढलं आणि ऐकायला बसला.